मोठा फलंदाज कोण?

बालमित्रांनो, मधल्या सुट्टीत वाद रंगतो, गावसकर मोठा की तेंडुलकर? आजोबा मंडळी म्हणतात, "अरे, विजय मर्चंट विसरलात का?" तिघेही मुंबईचे. चला, गणितच करून बघू.

सरासरी काढायची रीत सोपी आहे. एकूण धावांना, फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागायचे. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर असे येते :

मर्चंट : १० कसोटी, धावा ८५९ ÷ १८ = ४७.७२
गावसकर : १२५ कसोटी, धावा १०,१२२ ÷ १९८ = ५१.१२
तेंडुलकर : २०० कसोटी, धावा १५,९२१ ÷ २९६ = ५३.७८

म्हणजे तेंडुलकर पहिले! पण थांबा. मर्चंट १९३६ नंतर थेट १९४६ साली कसोटी खेळले. मध्ये महायुद्ध होते, सामनेच नव्हते. तरी १९५१ मध्ये, चाळिशीत, शेवटच्या कसोटीत त्यांनी १५४ धावा काढल्या. गावसकरांनी १९७१ साली वेस्ट इंडीजच्या माऱ्यापुढे हेल्मेटशिवाय ४ सामन्यांत ७७४ धावा केल्या. कसोटीत दहा हजार धावा जगात प्रथम त्यांच्याच, १९८७ साली. तेंडुलकर तर १६ व्या वर्षी कसोटीत उतरले आणि २४ वर्षे टिकले.

तेव्हा नुसता आकडा बघू नये. संधी किती मिळाली, काळ कसा होता, हेही विचारावे. पालकहो, दोन भावंडांचे मार्क ताडून पाहताना तुम्हीही एवढे ध्यानात ठेवा हं!