न्यायनिर्मित कायदा आणि समाजमूल्ये

कायदा म्हटला की विधिमंडळाने संमत केलेला अधिनियम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु अधिनियमातील शब्दांचा अर्थ न्यायालये लावतात. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. अशा निर्णयांतून आकारास येणारा कायदा तो न्यायनिर्मित कायदा होय.

केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या शेतीप्रधान गावी याचे जवळचे उदाहरण म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतील मुलीचा हिस्सा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क पुरुषांपुरताच राहू दिला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायाद केले. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय सुधारणेने हा भेद दूर केला.

तथापि, वडील या तारखेपूर्वीच निवर्तले असल्यास काय? प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक मानले. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही अट अमान्य केली. हक्क जन्माने मिळतो, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही, असा हा निर्णय आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या. निव्वळ तोंडी वाटणीची सबब सहसा ग्राह्य धरली जात नाही.

शब्द तेच, अर्थ दोन! न्यायाधीश येथे स्वतःची आवड कायद्यात घालीत नाहीत. अधिनियमातील ‘जन्मतः’ या शब्दाला घटनेतील समतेच्या मूल्याच्या प्रकाशात ते पूर्ण अर्थ देतात.

पण समाजात रुजलेली मूल्ये निकालाच्या तारखेस बदलत नाहीत. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, या भीतीने अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. स्वखुशीने हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. भीडेपोटी दिलेली संमती मात्र स्वखुशी नव्हे. न्यायालय बहिणीला जमिनीतील हिस्सा देऊ शकते, माहेर देऊ शकत नाही. ते भावानेच राखावयाचे असते. सात-बाराच्या उताऱ्यावर बहिणीचे नाव लागल्यावरही भाऊबीजेचे ताट तितक्याच मायेने सजेल, तेव्हाच न्यायालयाचा कायदा हा समाजाचाही कायदा झाला असे म्हणता येईल.