क्षेत्र, वास्तु व पत : बीदर-कलबुर्गीकडील जागांचा बाजार आणि आपले समाजजीवन

गंजातील माणसाचे बोलणे धान्यापासून सुरू व्हावे व धान्यापाशीच संपावे, अशी आमच्या वडिलांच्या पिढीची रीत होती. तुरीची आवक किती झाली, ज्वारीला गिऱ्हाईक कोठले, करडईत ओल किती, हे त्यांचे विषय. आता कलबुर्गीच्या नेहरू गंजात काय अथवा बीदरच्या गांधी गंजात काय, दोन व्यापारी एकत्र बसले की थोड्याच वेळात प्लॉटाची गोष्ट निघते. अमक्याने वळणरस्त्यावर घेतले, तमक्याचे दुप्पट झाले, हे ऐकून तरुण मुलांस गादीवर बसण्याचा कंटाळा येऊ लागला आहे. म्हणून या लेखात दोन प्रश्नांचा विचार योजिला आहे. व्यापाऱ्याने आपल्या भांडवलाचा किती भाग जागेत घालावा, हा पहिला. आणि जागांच्या या बाजाराने आपल्या समाजजीवनाचे काय केले, हा दुसरा. विचारान्ती या दोहोंचे उत्तर एकच आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम पूर्वस्थिती पाहू. जुन्या पेठेतील घर म्हणजे पुढे दुकान, मागे वखार, माडीवर बिऱ्हाड आणि पायाखाली शहाबादी फरशी. असे घर सहसा विकले जात नसे. विकावयाचेच झाल्यास आधी भाऊबंदांस, नंतर शेजाऱ्यास विचारीत. घेणारा कोण, त्याचे वागणे कसे, त्याची हुंडी परत गेली आहे काय, याची चौकशी होई. जागेच्या किमतीत शेजाऱ्याच्या पतीची किंमत मिसळलेली असे.

त्या काळचे कागद आजही अनेक घरांत आहेत. निजामी अमदानीतील खरेदीखते उर्दूत असून त्यांवर फसली सन व हाली शिक्क्याची रक्कम असते. फसली सनात ५९० मिळविले असता सुमाराने इसवी सन निघतो, आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. मुलांनी हे शिकून ठेवावे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात व बीदर, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात गेले. ज्या कुटुंबाचे दुकान भालकीस व शेत उदगिरीकडे, त्याला दोन राज्यांचे कायदे लागू झाले. एकाच पेटीत उर्दू, मराठी व कन्नड असे तीन लिप्यांतील दस्त सापडतात, त्याचे कारण हेच.

पुढे शहरे वाढली. कलबुर्गीस १९८० मध्ये विद्यापीठ झाले. संविधानातील ३७१ (जे) हे कलम २०१३ मध्ये अमलात येऊन या भागातील मुलांस शिक्षणात व सरकारी नोकरीत राखीव जागा मिळाल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कलबुर्गीस विमानतळ झाला. २०११ च्या जनगणनेतच कलबुर्गीची वस्ती पाच लाखांच्या वर व बीदरची दोन लाखांच्या वर गेली होती. एवढ्या माणसांस घरे हवीत, आणि जेथे राहणारा माणूस येतो तेथील भाववाढ खरी असते. परंतु ज्या ले-आऊटात दहा वर्षे दगड रोवलेले, गवत वाढलेले व दिवा एकही नाही, तेथे केवळ कागद हातोहात फिरतो. त्या भाववाढीस शेवटचा गिऱ्हाईक लागतो. तो कोण असेल, हे घेताना कोणी विचारीत नाही.

आता वहीचा हिशेब मांडू. समजा, वीस लाखांचे खेळते भांडवल वर्षात दहा फेरे फिरले. उलाढाल दोन कोटींची झाली. त्यावर दीड टक्का सुटला म्हणजे तीन लाख. वखारभाडे, हमाली, मुनीम, तूटफूट यांस एक लाख गेला असता दोन लाख, म्हणजे शेकडा दहा, हाती राहतात. हा नफा भांडवलातच ठेवीत गेल्यास वीस लाख सात वर्षांनी दुपटीच्या घरात येतात. तेव्हा प्लॉट सात वर्षांत दुप्पट झाला, अशी जी फुशारकी आपण ऐकतो, तिचा अर्थ इतकाच की तो धान्याच्या बरोबरीस आला. त्यातून मुद्रांक, नोंदणी व दलाली वजा जाता तो मागेच राहिला. बांधलेल्या घराची गोष्ट फारशी निराळी नाही. पन्नास लाखांच्या घराला महिना बारा हजार भाडे आले तर वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार, म्हणजे शेकडा तीनही पडत नाहीत. शिवाय धान्याचा रुपया शेतकरी, हमाल, गाडीवान, दालमिल अशा दहा हातांतून फिरून येतो. प्लॉटातला रुपया एकाच जागी पडून राहतो.

हा हिशेब आम्हांस पूर्वीपासून ठाऊक होता, असे मात्र कोणी समजू नये. तो आम्ही ठेच खाऊन शिकलो. २०१५ साली तुरीचे भाव अपूर्व चढले, तूरडाळ किलोस दोनशे रुपयांपर्यंत गेली, आणि आमच्या पेढीसही चांगला लाभ झाला. त्या भरात आम्ही लाभाबरोबर खेळत्या भांडवलाचाही मोठा भाग काढून शहराबाहेर एक प्लॉट घेतला. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या. लगेच देशात तुरीचे विक्रमी पीक आले, आणि ५०५० रुपये हमीभाव असता बाजार त्याच्या खाली उतरला. गंजात पोत्यांच्या थप्प्या लागल्या. आळंद तालुक्यातील आमचा एक जुना शेतकरी माल घालून हिशेबपट्टीसाठी बसून राहिला. घरी मुलीचे लग्न होते. तिजोरीत रोकड नव्हती. प्लॉट विकू गेलो तेव्हा कळले की जमिनीचे बिनशेतीकरण झालेलेच नाही. अर्ज केल्याची पावती तेवढी विकणाऱ्याने दाखविली होती, आणि आम्ही ती हुकूम समजून बसलो होतो. त्या शेतकऱ्यास आम्ही आठ दिवस तिष्ठत ठेविले. गंजातील एका शेजारी व्यापाऱ्याने केवळ शब्दावर रक्कम दिली, म्हणून त्याची पट्टी चुकती झाली. तो शेतकरी पुढल्या वर्षी आमच्या दुकानी आला नाही, व त्यास आम्ही दोष देत नाही.

या प्रसंगाने आम्हांस शास्त्राची आठवण झाली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत; त्यांत क्षेत्र व वास्तु, म्हणजे जमीन व घर, यांचा उल्लेख सर्वांआधी येतो, सोने-नाणे व धान्य मागून येतात. टीकाकारांनी याचे विवरण मोठ्या व्यवहारज्ञानाने केले आहे. एखादा श्रावक एकच घर ठेवण्याचे व्रत घेतो, मग शेजारचे घर विकत घेऊन मधली भिंत पाडतो, आणि म्हणतो की माझे घर एकच आहे. हा अतिचार होय, असे ते सांगतात. आज आपण भिंत पाडीत नाही. एक प्लॉट पत्नीच्या, दुसरा मुलाच्या, तिसरा जावयाच्या नावे करितो, आणि व्रत पाळल्याचे समाधान मानतो. सेडम तालुक्यातील मळखेड हे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. अमोघवर्षाच्या आश्रयाने येथे जैन विद्येची भरभराट झाली. त्या राजधानीच्या जागेला त्या काळी काय मोल असेल! आज तेथे पडका किल्ला आहे, आणि नेमिनाथांची बसदी अद्याप उभी आहे.

समाजजीवनाचा प्रश्न येथेच येऊन मिळतो. पेठ सोडून आपली घरे चारी दिशांच्या ले-आऊटांत पांगली. घर मोठे झाले, पुढे मोटार उभी राहिली. परंतु वृद्धांस मंदिरास वा स्थानकास जाण्यासाठी कोणीतरी न्यावयास हवे, म्हणून ते घरीच बसतात. मुलांस पाठशाळेस पाठविणे कठीण होते. सर्वांत बिकट प्रश्न चातुर्मासाचा. साधु-साध्वी पायी चालतात. त्यांची गोचरी वा आहार ज्या घरांवर अवलंबून, ती घरे चालण्याच्या अंतरावर असावी लागतात. ती कोसभर लांब पांगली तर चातुर्मासाची विनंती कोणत्या तोंडाने करावी? आणि अडचणीच्या दिवशी शब्दावर रक्कम देणारा शेजारी तरी कोठून आणावा? पत ही रोजच्या भेटीगाठींतून तयार होते. वर्षातून एकदा संमेलनात भेटून होत नाही.

तरुण व्यापारी बंधूंस आमच्या सूचना थोड्याच आहेत. राहण्यासाठी एक घर व धंद्यासाठी एक जागा प्रत्येकाची असावी. त्यापुढील मर्यादा घेण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावी. खेळत्या भांडवलास जागेसाठी हात लावू नये. लाभातून जे उरेल त्याचाच विचार करावा. कागद पाहताना बिनशेतीकरणाचा हुकूम, ले-आऊटाची मंजुरी, नगरपालिकेचा खाता व बोजाचा दाखला वकिलाकडून तपासावा, अर्जाच्या पावतीवर विसंबू नये. वडिलोपार्जित मिळकत घेताना विकणाऱ्याच्या बहिणी व मुली यांच्याही सह्या घ्याव्या; हिंदू वारसा कायदा आपणां जैनांसही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाबरोबरीचा हक्क दिला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे नोंदविलेल्या कराराशिवाय विकसकास दहा टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही, आणि जून २०१५ पासून वीस हजार वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे; जो याविरुद्ध मागेल त्याच्याशी सौदा करू नये. शेवटची सूचना अशी की नवी वस्ती करावयाचीच असेल तर पाच-सात कुटुंबांनी मिळून एकाच ठिकाणी, आणि मंदिर वा स्थानकापासून म्हाताऱ्या माणसाला चालता येईल एवढ्या अंतरावर करावी.

आमचा तो प्लॉट कागद पुरे झाल्यावर अखेर विकला गेला, आणि रक्कम पुन्हा धान्यात आली. शब्दावर रक्कम देणाऱ्या त्या शेजाऱ्याचे दुकान अजून आमच्या दुकानास लागून आहे. त्यांचे चिरंजीव सध्या बाहेर जागा पाहत आहेत, असे कानी येते. हा लेख त्यांनीही वाचावा, अशी आमची इच्छा आहे.