नाव बरोबर, पत्ता जुना

एका क्लायंटचा डेटाबेस नव्या मशीनवर हलवला, त्या रात्रीची गोष्ट. डीएनएसमध्ये नवा आयपी टाकून झाला होता. सर्व्हरवरून पिंग नव्या पत्त्यावर जात होता. ॲपच्या डॉकर कंटेनरमध्ये शिरून एनएसलुकअप केलं, तरी उत्तर नवंच. ॲप मात्र जुन्याच मशीनचं दार ठोठावत होतं. पासवर्ड, पोर्ट, फायरवॉल, सगळं पालथं घातलं. शेवटी कंटेनरमधली होस्ट्स फाइल उघडली, तर तळाशी तेच नाव, जुन्या आयपीसकट! कधीकाळी नाव सापडेना म्हणून कुणीतरी कंपोज फाइलमध्ये ‘एक्स्ट्रा होस्ट्स’ लिहून वेळ मारून नेली होती. पुढे डीएनएस नीट झाला, ती ओळ तशीच राहिली.

एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतं, होस्ट्स फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. ॲप सहसा आधी तीच फाइल बघतं. तेव्हा ॲपला काय दिसतंय हे बघायचं असेल, तर कंटेनरच्या आत ‘गेटएन्ट होस्ट्स’ आणि पुढे ते नाव, एवढं चालवा.

मग तिथलीच रिझॉल्व्ह-कॉन्फ वाचा. १२७.०.०.११ दिसला तर तो डॉकरचा स्वतःचा डीएनएस. म्हणजे कंटेनर वेगळ्या बनवलेल्या नेटवर्कवर आहे आणि शेजारच्या कंटेनरला नावानं हाक मारू शकतो. डीफॉल्ट ब्रिजवर ही सोय नाही. तिथे सर्व्हरच्या रिझॉल्व्ह-कॉन्फची नक्कल येते, आणि त्यात नुसता १२७.०.०.१ असेल तर डॉकर तो गाळून गूगलचा ८.८.८.८ घालतो. आता ऑफिसातल्या डेटाबेसचं नाव गूगलला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे त्या ‘एक्स्ट्रा होस्ट्स’च्या ठिगळाचं मूळ हेच निघालं.

यावर खरा इलाज डेमन-जेसन फाइलमध्ये ‘डीएनएस’खाली ऑफिसच्या डीएनएसचा आयपी देणं. त्यासाठी डॉकर रीस्टार्ट करावा लागतो आणि लाइव्ह-रिस्टोअर चालू नसेल तर कंटेनरही थांबतात, म्हणून भरदुपारी हे करू नका.

एनजिनएक्स पुढे असेल तर आणखी एक भानगड. साध्या कॉन्फिगमध्ये तो मागच्या कंटेनरचं नाव सुरू होतानाच एकदा विचारतो. तो कंटेनर नव्यानं बनून आयपी बदलला की ५०२ येऊ लागतात. ‘रिझॉल्व्हर’ म्हणून १२७.०.०.११ द्या आणि प्रॉक्सी-पासमध्ये नाव व्हेरिएबलमधून घ्या, मग तो अधूनमधून पुन्हा विचारतो. तेवढी सवड नसेल, तर तूर्त एनजिनएक्स रीलोड करून मोकळे व्हा.