संगणकाची मांडणी आणि लेखी आज्ञा

बडोदे संस्थानचे अधिपती श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध झाला. प्रशासकीय इंग्रजी शब्दांचे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतील प्रतिशब्द त्यात दिलेले आहेत. हुकूम लेखी असला, तरी त्यातील एकाच शब्दाचा अर्थ दोन कचेऱ्यांत दोन प्रकारे घेतला गेला, तर त्या लेखनाचा उपयोग थोडाच. शब्द ठरलेला हवा आणि हुकूम लिहिलेला हवा. या दोन गोष्टी जुळल्या म्हणजे हुकूम काढणारा अधिकारी बदलून गेला, तरी कामाची घडी विस्कटत नाही. घरातील, शाळेतील व ग्रामपंचायतीतील संगणकाच्या बाबतीत बहुधा याच दोन गोष्टींची उणीव असते.

संगणक विकत आणला म्हणजे तो लागलीच कामास येतो असे नाही. बडोद्यात पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. त्यांना देवनागरी व गुजराती या दोन्ही लिप्यांचे टंक हवेत, दोन्ही भाषांचे इनस्क्रिप्ट कळफलक हवेत, भारतीय प्रमाणवेळ हवी, छपाईयंत्र जोडलेले हवे. यातील प्रत्येक गोष्ट पडद्यावरील निरनिराळ्या चौकटी उघडून करावी लागते. दोन-चार संध्याकाळी खर्चून ती होतेही. परंतु काय केले याची स्मृती फक्त करणाऱ्याच्या डोक्यात राहते. शाळेत याहून अवघड प्रसंग येतो. जडसंग्रह नोंदवहीत संगणक व छपाईयंत्र यांची नोंद असते, प्रभार देताना त्यांची मोजदादही होते. आतील मांडणीची नोंद मात्र कोठेच नसते. जाणत्या शिक्षकाची बदली झाली आणि पुढे हार्ड डिस्क निकामी झाली, की दाखले व गुणपत्रके खोळंबतात.

या अडचणीवर संगणकशास्त्राने शोधलेला एक उपाय असा, की कृती न सांगता स्थिती सांगावी. ‘ही चौकट उघडा, तेथे खूण करा’ ही कृती झाली. तिचा परिणाम संगणक आधी कोणत्या अवस्थेत होता यावर अवलंबून असतो. ‘या संगणकावर मराठी व गुजराती कळफलक असावेत’ हे स्थितीचे वर्णन होय. असे वर्णन एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावयाचे आणि त्याबरहुकूम मांडणी करण्याचे काम यंत्रावर सोपवावयाचे. तीच आज्ञा दहा वेळा दिली, तरी फळ एकच.

या तत्त्वाचा सर्वांत कसोशीने अवलंब करणारी प्रणाली म्हणजे ‘निक्सओएस’. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास ‘निक्स’चे काम आरंभिले, २००६ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. त्या पायावर लिनक्सची ही आवृत्ती उभी आहे. तिच्यात ‘कॉन्फिगरेशन डॉट निक्स’ नावाच्या फाइलीत प्रमाणवेळेची एक ओळ, छपाई सुरू करण्याची एक ओळ, टंकांची एक यादी, असे लिहिले जाते. नंतर ‘निक्सओएस-रिबिल्ड स्विच’ ही आज्ञा दिली, की त्यानुसार मांडणी तयार होते. एखाद्या सुविधेचे नाव चुकीचे लिहिले, तर आज्ञा नाकारली जाते आणि चालू मांडणीला धक्का लागत नाही. कल्पतरूच्या कर्त्यांना ही शिस्त आवडली असती.

जुनी मांडणी पुसली जात नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण म्हणावा लागेल. प्रत्येक बदलागणिक नवी ‘पिढी’ तयार होते व मागील पिढ्या संगणक सुरू होताना यादीत दिसतात. नव्या बदलाने छपाई बंद पडली, तर आदल्या दिवशीची पिढी निवडून काम पुढे चालविता येते. या पिढ्या डिस्कवर बरीच जागा अडवितात, म्हणून जुन्या पिढ्या अधूनमधून काढून टाकाव्या लागतात.

घरात संगणक एक आणि वापरणारे अनेक असतात. प्रत्येकाच्या स्वतंत्र आवडीनिवडी, म्हणजे पडद्याचा रंग, अक्षरांचा आकार, नेहमीची साधने, ‘होम मॅनेजर’ या जोडप्रणालीद्वारे ज्याच्या त्याच्या फाइलीत लिहिता येतात. आजोबांची मोठी अक्षरे नातीच्या अभ्यासाआड येत नाहीत.

फाइल तीच असली, तरी वर्षाने ती चालविल्यास त्याच नावाची साधने नव्या आवृत्तीत येतील. ते टाळावयाचे असल्यास आवृत्त्या गोठविणारी ‘लॉक’ फाइल सोबत ठेवतात. शब्द ठरविण्याचेच हे काम. यंत्राच्या अवयवांचे वर्णन निराळ्या फाइलीत असते व नव्या संगणकावर ते नव्याने तयार करून घ्यावे लागते.

या फाइलीत काय नसते, हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. पत्रे, छायाचित्रे, गुणपत्रके यांची प्रत तिच्यात नसते. ती वेगळी राखावी लागते. परवलीचा शब्द तर तिच्यात कधीही लिहू नये, कारण तिच्यातील मजकूर ज्या सामायिक कोठारात उतरतो, तेथे त्या संगणकाचा कोणताही वापरकर्ता तो वाचू शकतो. शिवाय निक्सची भाषा सोपी नाही आणि तिचे बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीत आहे. ज्याला दुरुस्तीस कोणी जाणकार जवळ नाही, अशा शाळेने केवळ नवलाईपोटी तिच्या वाटेस जाऊ नये.

अशांसाठी कमी कष्टाचा मार्ग आहे. विंडोज संगणकावर ‘विंगेट’ या साधनाच्या ‘एक्स्पोर्ट’ आज्ञेने बसविलेल्या बऱ्याचशा साधनांची यादी फाइलीत उतरविता येते व ‘इम्पोर्ट’ आज्ञेने ती दुसऱ्या संगणकावर बसविता येते. कळफलक, छपाईयंत्र व प्रमाणवेळ यांची मांडणी मात्र त्या यादीत येत नाही. ती कागदावर लिहून जडसंग्रह नोंदवहीस जोडावी. फाइल कोणतीही असो, तिची एक प्रत त्या संगणकाबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर असावी, आणि वर्षातून एकदा, सुटीच्या दिवसांत, एखाद्या रिकाम्या संगणकावर ती चालवून पाहावी. त्या वेळी मूळ मांडणी करणाऱ्याने बाजूस बसावे व फाइल चालविण्याचे काम दुसऱ्याने करावे.