बरोबर उत्तरामागचं कारण

पवनार, २० एप्रिल

चि. सौरभ,

तारतंत्रीची परीक्षा तोंडावर आली आणि तू विचारलंस, ‘मामा, एवढं पाठांतर करून कोणी वायरमन होतो का?’ प्रश्न रास्त आहे. ऑनलाइन पेपरात चार पर्यायांतून एक निवडायचा. प्रात्यक्षिकात बोर्ड नीट जोडायचा, दिवा लावून दाखवायचा. पहिल्यात स्मरण तपासलं जातं, दुसऱ्यात हात. समज नसतानाही दोन्हींत पास होता येतं, हे खरं आहे.

पण समज नसली तर काय होतं, ते पाहायला आपल्याकडचा कूलरच घे. विदर्भात उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं जातात. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी घरगुती आरसीसीबी किती गळतीला ट्रिप होते, असं पेपरात आलं की तू ३० मिलिअँपिअर लिहिशील आणि गुण मिळवशील. पण मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्याचा रोध ५० ओहम झाला असं धर. फेज पत्र्याला लागली, तर २३० व्होल्टवर जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातील. जादा प्रवाह तोडणारी १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही. पत्र्यात करंट तसाच राहील आणि पाणी भरणाऱ्या बाईचा ओला हात त्याला लागेल. तेच साडेचार अँपिअर आरसीसीबीला मात्र पुरून उरतात. ती तत्काळ पडते. हे गणित ज्याला उमगलं, तो ग्राहकानं नको म्हटलं तरी आरसीसीबीचा आग्रह सोडत नाही.

म्हणून नियम पाठ करच, पण तिथं थांबू नकोस. हा विचार जुनाच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना, मांडली गेली. तिचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीत विनोबाही होते. कसब यंत्रवत शिकवू नये, प्रत्येक क्रियेचं कारण मुलाला कळावं, हा गांधीजींचा आग्रह होता. आपल्या धंद्याला तो तंतोतंत लागू पडतो.

वहीत प्रत्येक नियमासमोर त्याचं कारण लिही. जे लिहिता येणार नाही, ते सरांना विचार. कामावर गेलास की वीज जोडण्याआधी इन्सुलेशन मोजणारा मेगर लाव. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन किमान एक मेगाओहम दाखवलंच पाहिजे. मालक घाई करील, तू करू नकोस.

पेपर झाला की इकडे ये. आपल्या घरच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनं मोजू. आकडा काय आला आणि का आला, ते तू मला समजावून सांग.

तुझा,
मामा