समानुभवी व्यक्तीचा आधार

आत्महत्येच्या विचारातून सावरलेली व्यक्ती प्रशिक्षणानंतर तशाच दुसऱ्या व्यक्तीस धीर देऊ शकते. ठाणे येथे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ने समदुःखितांचे आधारगट चालविले आहेत.

कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमधील गर्दीतही माणूस एकाकी असू शकतो. ‘मीही यातून गेलो आहे’, हे शब्द त्यास बोलते करतात.

साहाय्यकाने उपदेश टाळावा. जीव देण्याचा विचार येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. धोका जाणवल्यास त्यास एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. समानुभवी आधार हा उपचारांस पर्याय नव्हे. तो उपचारांपर्यंत नेणारा हात होय.