मक्याबरोबर जे आलं नाही

धामनोद माझं सासर. माळव्याचा घाट उतरून निमाडात पाय ठेवला की लागतं ते हे गाव. आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ट्रक, कापसाची मंडी, आणि थोडं पुढे खलघाटला नर्मदा. मी सांगलीची. इथे आल्यावर मक्याच्या राबडीने मला जे शिकवलं ते सांगते. राबडी म्हणजे इंदूरच्या सराफ्यात मिळते ती दुधाची रबडी नव्हे, ताकात शिजवलेला भरडा मका.

१. ज्याला लोक गरिबाचं खाणं म्हणतात, त्याला सवड मात्र श्रीमंताची लागते. मक्याला पाण्याचा हबका मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, मग उखळात हलक्या हाताने सडायचा. जोर केला तर दाणा फुटतो आणि साल तशीच चिकटून राहते. सुपात पाखडून कोंडा काढला की घट्टीवर, म्हणजे आपल्या जात्यावर, जाडसर भरडायचा. पीठ चाळून वेगळं ठेवायचं, ते भाकरीला. एवढं झाल्यावर कुठे चूल पेटते! पुरणपोळी उत्तम येते म्हणून मिरवत आलेली मी, पहिल्या हिवाळ्यात त्या उखळापाशी घामाघूम झाले.

२. चुलीपाशी बसवणं म्हणजे दर वेळी परीक्षा घेणं नसतं. थंड ताकात पाणी आणि भरड कालवूनच भांडं चढवायचं, आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर ताक फुटतं. दारात कोणी आलं, फोन वाजला, तरी नाही. सासूबाई मला ढवळायला बसवून समोर भाजी निवडत. "सूनबाई, मीठ शेवटी गं," एवढंच बोलणं. आपल्यावर लक्ष ठेवताहेत, असं मला वाटायचं आणि मी मनातल्या मनात धुमसायची. पुढे लक्षात आलं, दिवसभरात त्यांना बसायला मिळे ते तेवढंच, आणि त्या वेळी त्यांना कोणीतरी सोबत हवं असे. उकळी आली की भांडं निखाऱ्यावर सरकवून दुसऱ्या कामाला लागायचं. दाणा बोटात सहज चेपला की राबडी झाली. तळाला धरलेली खरवड घरातल्या सर्वांत लहान पोराची. आमच्याकडे ते पोर म्हणजे सासरे.

३. माहेरचं काही काही सासरी येऊन कळतं. आजी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायची. पाहुणे आले की ते पातेलं ओट्याखाली जाई. राबडीच्या पहिल्या घोटातच ओळख पटली होती, पण "हे तर आमच्याकडचंच!" असं मी लवकर म्हटलं नाही. सांगली किती वेगळी आणि किती सरस, हे इथे पटवून देण्यात मी बरीच मेहनत घेतली होती.

४. धान्य कुठल्या कुठे जातं, त्याची रीत बरोबर जाईलच असं नाही. माझी भाची टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला असते. शेजारच्या मेक्सिकन आजींकडून ती पोसोले नावाचं सूप शिकली आणि व्हिडिओ कॉलवर तिने आम्हाला ते दाखवलं. टपोरा वाळका मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा. साल सुटून येते. मग एकेका दाण्याचं टोक नखाने खुडायचं, म्हणजे शिजताना तो फुलासारखा उमलतो. पुढे डुकराचं मांस आणि सुक्या लाल मिरच्यांचं वाटण घालून तासन्‌तास रटरटू द्यायचं. वाढताना वरून कोबी, मुळा, कांदा, लिंबू. भाचीने मांसाऐवजी राजमा घातला होता. आजींनी ते मोठ्या मनाने पाहिलं न पाहिलं केलं.

"मक्याला चुना लावतात?" म्हणून सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. नंतर वाचलं तेव्हा हसू गेलं. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण चुन्यासारख्या क्षाराने मोकळं केल्याशिवाय ते अंगी फारसं लागत नाही. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं मका चुन्यात उकळत आल्या. मका युरोपात गेला, चुना मागेच राहिला, आणि नुसत्या मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याची नोंद केली.

आपल्याकडेही मका आला तो चुन्याविनाच. इथे त्याला ताक भेटलं. दुधातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असतं आणि त्यापासून शरीर थोडं नायसिन स्वतः तयार करतं. ज्या बाईने पहिल्यांदा ताकात मका ढवळला तिला हे काय ठाऊक असणार! घरात ताक उरलं असेल, आणि नुसता मका पोरांच्या घशाखाली उतरत नसेल. ज्वारीवाली म्हणून माझा जो तोरा होता तोही उतरला. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास पेलाग्रा अभ्यासला, तो ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांमध्ये.

५. राबडीला आता प्रतिष्ठा आली आहे, याचा आनंद मानावा की नाही ते ठरत नाही. इंदूरकडच्या लग्नांत ती कुल्हडात मिळते, वर कोथिंबिरीचं पान. सासूबाईंनी एक घोट घेतला, कुल्हड माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ह्यात मका कुठाय?"

६. ताजीपेक्षा शिळी राबडी चांगली, हे मी आता कोणाशीही वाद घालून सांगेन. निमाडातल्या मे महिन्यात, रात्री मातीच्या भांड्यात ठेवलेली राबडी सकाळी थंड ताक घालून सैल करायची आणि सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. भाचीने प्रमाण विचारलं तेव्हा सांगितलं, वाटीभर भरडीला तीन वाट्या ताक आणि लागेल तसं पाणी. तिच्याकडे ना उखळ ना घट्टी. मिक्सर थांबवत थांबवत फिरव म्हटलं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन मागून घेतला. त्यांना विचारायचं होतं, तो चुना पानाला लावतात तोच का. खाण्याचा निराळा मिळतो, असं कळल्यावर म्हणाल्या, "मग दिवाळीला येशील तेव्हा एक पुडी घेऊन ये. आणि तो मोठ्या दाण्याचा मकाही आण. इथल्याला जमतंय का बघू, नाहीतर तुझ्याच मक्याची राबडी करू."